करंगळीची जागा

फिजिओच्या मॅडम म्हणाल्या, "शालनताई, बोलता तसंच लिहा. इथं रोज नवीन पेशंट येतात, घाबरलेले असतात. त्यांना वाचायला देईन." मी म्हटलं, मॅडम, मी बोलते तसं लिहिलं तर आहेत ते पेशंटपण पळून जातील. त्या हसल्या, पण वही दिलीच. तर लिहिते. उजवा हात शाबूत आहे. गेलं ते डाव्या अंगाचं.

आधी माझा डावा हात काय करायचा ते सांगते, नाहीतर गेलं काय ते कळायचं नाही. निरवांगीत आमची डाळिंबाच्या रोपांची नर्सरी आहे. चांगल्या झाडाचं रोप पाहिजे असेल तर बी लावून भागत नाही, फांदीला गुटी बांधावी लागते. फांदीची इंचभर साल गोल सोलायची, त्या जागी ओलं शेवाळ थापायचं, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा आणि दोन्ही टोकं करकचून बांधायची. महिना-दीड महिन्यात आत मुळ्या सुटतात. मग फांदी कापून पिशवीत लावायची. चाकू चालवायचा आणि गाठ मारायची ती उजव्या हातानं. पण फांदी आणि शेवाळ दाबून धरतो डावा. तो जरा ढिला पडला की आत हवा शिरते आणि गुटी वाळते. गावातल्या बाया म्हणायच्या, शालनच्या हातची गुटी वाळत नाही. मी तोंडानं "काहीतरीच काय" म्हणायचे आणि मनातून फुगायचे.

दुखणं आलं तेव्हा मला एकच पाहिजे होतं, हा हात परत पाहिजे होता. चालता नाही आलं तरी चालेल, बसून गुटी बांधीन, असं मी देवाला सांगितलं होतं. देवानं नेमकं उलट केलं.

सकाळचे सात

थंडी संपत आली होती. मी चहा गाळत होते. सातची एसटी दारावरून गेली, तेवढ्यात डाव्या हातातली गाळणी खाली पडली. उचलायला वाकले तर हात गाळणीपर्यंत जाईचना. मी हाताकडं बघतेय आणि हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा लोंबतोय. आमचे हे, दत्तात्रय त्यांचं नाव, मोटर चालू करून आत आले आणि दारातच थांबले.

"अगं, तोंड वाकडं झालंय तुजं!"

माझी जाऊ मंगल धावत आली. बघून म्हणाली, "वारं गेलं अंगावरनं. भाऊजी, औषधवाल्याकडं न्या, आज रविवार हाय."

आमच्याकडं लकव्याला वारं जाणं म्हणतात, आणि नदीपलीकडच्या एका गावात त्याचं औषध मिळतं. फक्त रविवारी. ह्यांच्या चुलत्याचं तोंड वाकडं झालेलं, ते तिथंच सरळ झालं होतं. आता मला डॉक्टरांनी सांगितलंय की चुलत्याचं दुखणं निराळं होतं, ते बरंचसं आपोआप बसतं. पण तेव्हा कुणाला माहीत? आम्हाला एवढंच माहीत, की चुलते गेले आणि बरे होऊन आले.

पिकअपमध्ये घालून मला नेलं. तिथं ही लाइन. कोण सांगलीकडचं, कोण सोलापूरकडचं. लिंबाच्या झाडाखाली सतरंजीवर मला टेकून बसवलं. नंबर यायला किती वेळ गेला ते मला सांगता यायचं नाही, पण सावली सतरंजीवरून सरकून गेली होती. माझ्या डाव्या हाताला पारव्याचं रक्त चोळलं. एक काळी गोळी दिली. त्या माणसानं बजावलं, "तीन दिस सुई टोचून घ्यायची न्हाय. इंग्लिश औषध पोटात गेलं की माजं औषध मेलं."

मी खोटं लिहिणार नाही. माझं बोलणं जड झालं होतं, पण बंद नव्हतं झालं. "बारामतीला चला" एवढं मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. मलाही वाटत होतं की इथंच बरं होईल. शिकलेली बाई मी, दहावी पास, आणि पारव्याचं रक्त लावून घेतलं.

परत येताना मला उलटी झाली आणि मान टिकेना. तेव्हा ह्यांचा धीर सुटला. गाडी घराकडं न वळवता त्यांनी सरळ बारामतीला घातली. दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

डॉक्टरांनी विचारलं

तरुण डॉक्टर होते. डोळ्यांत बॅटरी मारली, हात उचलायला लावला, आणि पहिला प्रश्न हाच: "नेमकं किती वाजता सुरू झालं?"

हे म्हणाले, "आत्ताच की. बाराच्या सुमाराला. रानात काम करत हुती."

मी ह्यांच्याकडं बघतच राहिले. सिस्टरनं माझा हात बघून विचारलं, "हे रक्त कसलं?"

"पडली. खरचटलं."

सिस्टरनं ओल्या कापसानं पुसलं. खाली साधा ओरखडासुद्धा नव्हता. तिनं डॉक्टरांकडं बघितलं. पण डॉक्टर गडबडीत होते, ह्यांना समजावत होते, की एक इंजेक्शन असतं, डोक्यातली रक्ताची गाठ विरघळवायचं, ठरावीक तासांच्या आतच देता येतं, तुम्ही वेळेत आलात, आधी डोक्याचा फोटो काढू आणि लगेच ठरवू.

हे मान हलवत होते. लाजेपायी माणूस काय करतो बघा. औषधवाल्याकडं गेलो हे डॉक्टरला सांगायची लाज, म्हणून बायकोच्या जिवाशी खेळ. त्यांना तसं करायचं नव्हतं, हे मला आज कळतं. त्यांना वाटलं, वेळ कमी सांगितली की डॉक्टर रागावणार नाहीत, एवढंच.

मी उजवा हात वर केला. पाच बोटं दाखवली. मग दोन.

"सात?" डॉक्टर म्हणाले. "सकाळी सात?"

मी मान हलवली. डॉक्टरांनी ह्यांच्याकडं बघितलं. हे स्वतःच्या चपलांकडं बघत होते. डॉक्टर रागावले नाहीत, आणि ते जास्त वाईट वाटलं. फक्त म्हणाले, "मग ते इंजेक्शन आता नाही देता येणार. उशिरा दिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. बाकीचं सगळं करू आपण."

तर वाचणाऱ्या बाबांनो आणि बायांनो, फोड करून सांगते. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं जड झालं, की पहिल्यांदा घड्याळ बघा. मग जवळचा मोठा दवाखाना गाठा. आणि डॉक्टरला खरी वेळ सांगा, मग आधी कुठंही गेलेला असा. डॉक्टर काय तुम्हाला फाशी देत नाही.

वॉर्डात

नऊ दिवस वॉर्डात होते. पहाटे पाचला लाइट लागायचा, साडेपाचला बीपी, सहाला झाडू, आणि मग दिवसभर काहीच नाही. पाणी प्यायचं तर चमच्यानं, हनुवटी छातीला लावून, नाहीतर ठसका. शेजारच्या खाटेवर लोणी भापकरच्या एक म्हाताऱ्या आजी होत्या, त्यांचं उजवं अंग गेलेलं. त्या म्हणायच्या, "पोरी, तुजं डावं न् माजं उजवं. दोघी मिळून एक धड बाई हुईल बघ." त्यांच्यामुळं मी त्या वॉर्डात पहिल्यांदा हसले, तेही अर्ध्या तोंडानं.

एक मावशी होत्या वॉर्डातल्या. त्यांच्या कामात बसत नव्हतं, पण तिसऱ्या दिवशी त्यांनी माझे केस विंचरून वेणी घालून दिली. तोवर सगळे मला कुशीवर वळवत होते, पुसत होते, टोचत होते. वेणी घातल्यावर मला वाटलं, मी अजून बाई आहे.

आणि हे? ह्यांनी सगळं केलं. भांडं दिलं, घास भरवले, साडी नीट केली. एका गड्यानं बायकोचं एवढं केलेलं आमच्या भावकीत कुणी बघितलं नसेल. बाया मला म्हणायच्या, नशीबवान आहेस. मी तोंड भिंतीकडं करून घ्यायचे. मला सेवा नको होती, दोन शब्द पाहिजे होते. सात वाजताचे बारा का सांगितले, एवढं. त्यांनी ते काढलं नाही. मीही काढलं नाही. असं आमच्यात दीड वर्ष चाललं.

चेंडू

तीन महिन्यांत काठी टेकत चालायला लागले. खांदा आला, कोपर आलं. पंजा मात्र मिटलेलाच. मॅडमनी दाबायला स्पंजचा पिवळा चेंडू दिला. दिवसातून शंभर वेळा दाबा. ताटात वाटाणे आणि हरभरे मिसळून वेगळे करा. कपड्यांचे चिमटे लावा, काढा. पहिल्या पावसाळ्यात मंगल आणि बाया गुट्या बांधत होत्या आणि मी खुर्चीत बसून चेंडू दाबत होते. एक दिवस मंगलनं फांदी हलवली, गुटी ढिली बसली. मी ओरडले, "अगं धर की नीट!" ती म्हणाली, "तुमी यून धरा मग." तिच्या मनात काही नव्हतं, ती बोलून गेली. पण मी चेंडू असा फेकला की तो जाऊन कुत्र्याला लागला. कुत्रं दोन दिवस माझ्याकडं आलं नाही.

दिवाळीनंतर वालचंदनगरहून एक बाई डाळिंबाची दोन रोपं घ्यायला आल्या. शाळेत गाणं शिकवून रिटायर झालेल्या. मुलगा कंपनीत, त्याच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. मी चेंडू दाबत तोंडानं पुटपुटत होते.

"मंत्र म्हणताय का?" त्यांनी विचारलं.

"शिव्या देतीय, बाई. ह्या चेंडूला."

त्या खो खो हसल्या. मग माझा हात हातात घेऊन एकेक बोट वाकवून बघितलं. म्हणाल्या, "माझ्याकडे पियानो आहे. दर गुरुवारी या. चेंडू तुम्हाला काही सांगत नाही, पियानो लगेच सांगेल कुठलं बोट चाललं आणि कुठलं नाही."

मी म्हटलं, ह्या वयात? त्या म्हणाल्या, वय बोटांना माहीत नसतं. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, जरूर जा, फक्त खांदा वर उचलू नका.

गाडी मागं घ्यायची ट्यून

कंपनीच्या जुन्या क्लबातलं सामान विकायला निघालं तेव्हा बाईंनी तो पियानो घेतला होता. कपाटाएवढं धूड. मला वाटलं होतं मोठी पेटी असेल. पण पेटीत डावा हात नुसता भाता हलवतो. इथं त्याला काम करावं लागतं.

बाईंनी आधी स्वतः वाजवून दाखवलं. चार सूर वाजले आणि मी ओरडले, "अय्या, ही तर गाडी मागं घ्यायची ट्यून!" आमची पिकअप रिव्हर्स टाकली की हेच वाजतं. बाई म्हणाल्या, हे दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका माणसानं लिहिलंय, आणि तो पुढं पार बहिरा झाला. मला खरं वाटेना. जगात सगळ्यांना याची सुरुवात माहीत आहे, त्या म्हणाल्या, पुढचं नाही. मी म्हटलं, कसं माहीत असेल, तोवर गाडी लागलेली असते. पण बाई पुढं वाजवत गेल्या, आणि ते इतकं वेगळं निघालं, की मी गप्प बसून ऐकलं. मग म्हटलं, हेच शिकायचं. बाई म्हणाल्या, आधी सोपं काहीतरी घेऊ. मी म्हटलं, सोपं चेंडूपाशी झालंय.

पियानोच्या पट्ट्यांवर बाईंनी टिकल्या लावल्या. उजव्या हाताला लाल, डाव्याला हिरव्या. उजव्या हातानं सुरुवात दोन आठवड्यांत बसवली. मग डावा आला. त्याला फार नाही, तीनच सूर, खालून वर: करंगळी, तर्जनी, अंगठा. परत करंगळी, तर्जनी, अंगठा. ह्या तीन सुरांना मला तीन महिने लागले. अंगठा आधी आला. तर्जनी संक्रांतीनंतर आली, एकदम, एका गुरुवारी, आणि मी बाईंच्या गळ्यात पडले. करंगळी काही उठेना. पट्टीवर पडून राहायची, दाबायची नाही. प्रत्येक वेळी सुरुवातीचा खालचा सूरच गायब.

मी चिडले. म्हटलं, दुसऱ्या बोटानं दाबते. हात तेवढा पसरेना. मग म्हटलं, तो सूर सोडूनच देते, लगेच पुढचा घेते. बाई एरवी गोड बोलायच्या, पण तेव्हा कडक झाल्या. "सूर सोडा. त्याची वेळ सोडायची नाही. करंगळी तिथे ठेवा, तेवढा वेळ थांबा, मग पुढचं बोट. नाहीतर ती कायमची झोपेल." मला ते पटायला वेळ लागला. वाजलं नाही तर थांबायचं कशाला? पण थांबत गेले.

घरी पियानो कुठला? माझी लेक पूनम बारामतीला कॉलेजात असते, तिनं सुट्टीत पाटावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवून दिल्या. मी संध्याकाळी ओट्यावर बसून मुका पाट वाजवायचे. येणारे-जाणारे थांबून बघायचे. मंगल म्हणाली, "वहिनी, वारं डोक्यात बी गेलं का काय?" मी म्हटलं, "व्हय, आन् ते तुज्या अंगावर सोडणार हाय." आमचं दोघींचं तेव्हापासून परत जमलं.

दुसरा पावसाळा

गुटीचा मोसम आला. पहिल्या दिवशी मी चार बांधल्या, चारही सुटल्या. अंगठा आणि दोन बोटं धरतात, पण करंगळीच्या बाजूनं शेवाळ निसटतं. अनामिकाही तिच्याच वळणावर गेलेली. आठ दिवस प्रयत्न केला. मग मंगल न बोलता येऊन उभी राहिली आणि तिनं शेवाळ धरलं, मी गाठ मारली. तशा गुट्या लागल्या. पण त्या माझ्या हातच्या नव्हत्या. मॅडमना विचारलं, खरं सांगा. त्या म्हणाल्या, "दीड वर्षानं येतं ते हळू येतं, शालनताई. काही बोटं येत नाहीत." मी पूर्ण बरी होऊन हे लिहीत नाही, एवढं वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. जेवढं आलं तेवढ्यात जगायला शिकतेय, आणि रोज जमतंच असं नाही.

गुरुवार

हे दर गुरुवारी मला पिकअपनं वालचंदनगरला सोडायचे आणि क्वार्टरसमोर गाडीतच बसायचे. एकदाही आत आले नाहीत. मग पावसाळ्यातल्या एका गुरुवारी कॉलनीत डासांचा धूर मारायला माणसं आली. बाईंनी हाक मारली, "दत्ताभाऊ, आत या, गुदमराल." हे आले, चपला बाहेर काढल्या, आणि दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर बसले.

त्या दिवशी मी पहिला भाग दोन्ही हातांनी शेवटपर्यंत वाजवला. संथ. अडखळत. पण न थांबता, पहिल्यांदाच. बाईंनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी वाजवल्या नाहीत.

"बाई, एक इचारू का?" ते म्हणाले. "तुमी वाजवता तवा खाली एक जड आवाज येतो. भाईर गाडीत बी ऐकू येतो मला. हिच्यात तो येत न्हाय. कायतर ऱ्हातंय."

मला आश्चर्य वाटलं. म्हणजे इतके महिने हे गाडीत बसून ऐकत होते.

"त्यांची करंगळी दाबत नाही," बाई म्हणाल्या. "तो सूर त्या मोकळा सोडतात."

"दर बारीला?"

"दर वेळी."

बाहेर धुराच्या मशीनचा आवाज येत होता. मग माझ्याकडं न बघता, बाईंना म्हणाले, "सकाळी सातला झालं हुतं. म्या डॉक्टरला बारा सांगितलं. आदी औषधवाल्याकडं नेलं, मधी सात तास घालवलं, आन् वर खोटं बोललो. ती करंगळी माज्यामुळं गेली."

दीड वर्ष मी हे ऐकायची वाट बघत होते. ते बोलले तर काय काय ऐकवायचं ते मी रात्रंदिवस ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना.

"व्हय," मी म्हटलं. "तुमच्यामुळं."

ते माझ्याकडं बघायला लागले. डोळे भरलेले. "मला वाटलं, तू न्हाय म्हणशील."

"खोटं एकदा बोलून झालंय. आता परत नको."

बाई उठून पाणी आणायला आत गेल्या. ह्यांनी टोपी काढून तोंडावर धरली, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी काठी न घेता उठले, पियानोला धरत, भिंतीला धरत त्यांच्यापर्यंत गेले आणि शेजारच्या खुर्चीत बसले.

"त्या सतरंजीवर मी बी गप बसले हुते," मी म्हटलं. "बारामतीला चला म्हणाले न्हाय. तेवढं माजं."

मग आम्ही दोघं रडलो. बाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभ्या होत्या, त्यांना आत यावं का जावं कळेना. आजारपणात मी पुष्कळ रडले, पण उशीत, न्हाणीत, भिंतीकडं तोंड करून. ह्यांच्यासमोर रडले ते त्या दिवशी पहिल्यांदा.